ढगात शिरण्यापूर्वी : खासगी वैमानिकाने उपकरण-उड्डाण कसे शिकावे

जून ते ऑगस्टच्या दिवसांत सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या काठी, पालो आल्टो, सॅन कार्लोस किंवा हेवर्डच्या लहान विमानतळांवर सकाळी पोहोचले की डोक्यावर बहुधा करड्या ढगांचे सपाट छत असते. पॅसिफिकच्या थंड पाण्यावरून रात्रभर आत सरकलेला हा थर सहसा फार जाड नसतो. हजारभर फूट चढून गेले की वर स्वच्छ ऊन लागते. पण ज्याच्याकडे केवळ खासगी वैमानिकाचा परवाना आहे त्याला बाहेर पाहूनच विमान चालवण्याची मुभा असल्याने, ढग विरेपर्यंत, कधी कधी थेट दुपारपर्यंत, जमिनीवर थांबावे लागते. इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेर न पाहता केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याची मुभा, मिळवलेला वैमानिक त्याच विमानाने तोच थर दोन-तीन मिनिटांत पार करतो.

हे रेटिंग कोणत्या क्रमाने शिकावे आणि शिकणारा कोठे अडतो, हे येथे अमेरिकेच्या एफएए या विमानवाहतूक नियामक संस्थेच्या नियमांना धरून सांगितले आहे, कारण हौस म्हणून उडणाऱ्याने उपकरण-उड्डाण शिकणे ही तिकडे रुळलेली वाट आहे आणि तिकडे राहणारी मराठी मंडळीही त्या वाटेने जातात. भारतात हे प्रशिक्षण बहुतेक वेळा व्यावसायिक परवान्याच्या तयारीत, डीजीसीए या इथल्या नियामक संस्थेच्या नियमांनुसार घेतले जाते. नियमांची पुस्तके वेगळी असली, तरी ढगात शिरल्यावर माणसाच्या कानात जे घडते ते दोन्हीकडे सारखेच असते, आणि सुरुवात तिथूनच केली पाहिजे.

शरीराची साक्ष आणि उपकरणांची साक्ष

आपल्या आतल्या कानात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. शरीर वळू लागले की नलिका फिरते, आतला द्रव क्षणभर मागे राहतो, आणि त्या फरकावरून मेंदूला वळण कळते. वळण एकाच वेगाने दहा-वीस सेकंद चालू राहिले, की द्रव नलिकेच्या वेगाला येऊन मिळतो आणि वळणाची जाणीव पूर्णपणे नाहीशी होते. विमान अगदी हळू कलत गेले तर ती सुरुवातीपासूनच होत नाही. मग कोणी विमान सरळ केले, की कान विरुद्ध दिशेला वळल्याचा निरोप देतो. बाहेर क्षितिज दिसत असेल तर डोळे हा निरोप खोडून काढतात. ढगात तो खोडणारे कोणी नसते. मी पहिल्यांदा खऱ्या ढगात गेलो तेव्हा मिनिटभरात विमान डावीकडे कलल्याची माझी पक्की खात्री झाली. समोरचे कृत्रिम क्षितिज, म्हणजे विमानाचा कल आणि नाकाची स्थिती दाखवणारे उपकरण, सरळ होते, आणि माझी मान मात्र उजवीकडे झुकलेली होती, हे इन्स्ट्रक्टरने बोट दाखवून सांगितले तेव्हा माझ्या लक्षात आले.

इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली उपकरण-उड्डाणाचा अनुभव नसलेल्या २० वैमानिकांना खऱ्या विमानात, बाहेरचे काही दिसणार नाही अशा तऱ्हेने, उडवायला लावले होते. विसांपैकी एकालाही विमानावरचा ताबा राखता आला नाही, आणि तो सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले. बहुतेकांच्या बाबतीत घडले ते एकच : न कळत विमान कलले, नाक खाली गेले, उंची कमी होते आहे असे पाहून त्यांनी योक (विमान चालवण्याचे सुकाणू) मागे ओढला, आणि कललेल्या विमानात मागे ओढल्याने वळण आणखी घट्ट होत गेले. ही चूक धाडसाची किंवा भित्रेपणाची नव्हती. कोणत्याही निरोगी शरीराकडून ती होते. म्हणून इन्स्ट्रुमेंट रेटिंग घेण्याचा विचार नसलेल्या खासगी वैमानिकानेही पुढचा भाग वाचावा.

उपकरणांच्या बळावर बाहेर न पाहता उडता येते हे जिमी डूलिटलने २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर दाखवून दिले. झाकलेल्या कॉकपिटमधून त्याने उड्डाण केले, फेरी मारली आणि उतरला. सावधगिरीसाठी दुसरा वैमानिक पुढच्या आसनावर होता. तेव्हापासून प्रत्येक विद्यार्थ्याला सांगितले जाते की उपकरणांवर विश्वास ठेवा. हे वाक्य अपुरे आहे, आणि ते का अपुरे आहे हे मुंबईच्या माणसाला वेगळे सांगावे लागू नये. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे बोइंग ७४७ सांताक्रूझहून दुबईकडे निघाले आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. २१३ जण गेले. कॅप्टनसमोरचे कृत्रिम क्षितिज उजव्या कलावर अडकले होते. खाली काळा समुद्र, बाहेर क्षितिज नाही. त्याने उपकरणावर विश्वास ठेवला आणि विमान डावीकडे कलवत नेले. सहवैमानिकासमोरचे उपकरण आणि जोडीचे राखीव उपकरण कॉकपिटमध्येच होते, आणि फ्लाइट इंजिनिअरने त्या बिघडलेल्या उपकरणाविषयी सावध करण्याचा प्रयत्नही केला होता.

म्हणून मी शिकणाऱ्याला असे सांगेन : शरीराची साक्ष ढगात ग्राह्य धरू नये, आणि एकट्या उपकरणाची साक्षही धरू नये. प्रत्येक उपकरणाचे म्हणणे दुसऱ्याकडून पडताळून घ्यावे. उपकरण-उड्डाणाचे सारे शिक्षण हीच उलटतपासणी सवयीत उतरवण्यासाठी असते.

सुरुवात करण्यापूर्वी

कागदावरच्या अटी थोडक्यात सांगतो. एफएएच्या नियमांतल्या भाग ६१ खाली विमानप्रमुख म्हणून ५० तासांची क्रॉस-कंट्री, म्हणजे दूरच्या विमानतळापर्यंतची, उड्डाणे हवीत, खऱ्या (ढगातल्या) किंवा आभासी (दृष्टी झाकून निर्माण केलेल्या) उपकरण-परिस्थितीतले ४० तास हवेत, आणि त्यांपैकी किमान १५ तास अधिकृत इन्स्ट्रुमेंट इन्स्ट्रक्टरबरोबर झालेले हवेत. एफएएने मान्यता दिलेल्या सिम्युलेटरवरचे १० किंवा २० तास, यंत्राच्या दर्जानुसार, यात धरता येतात. भाग १४१ च्या मान्यताप्राप्त शाळेत ४० ऐवजी ३५ तास पुरतात. लेखी परीक्षेत ६० प्रश्न असतात, अडीच तास मिळतात, आणि ७० टक्के गुण लागतात. तिचा निकाल २४ महिने ग्राह्य राहतो.

५० तासांची अट पुरी होईपर्यंत थांबावे की नाही, असा प्रश्न पडतो. माझे मत असे की थांबू नये, पण ते तास मोकाट खर्चही करू नयेत. प्रत्येक क्रॉस-कंट्री उड्डाणात हवाई नियंत्रकाकडून फ्लाइट फॉलोइंग (रडारवरून विमानावर लक्ष ठेवण्याची सेवा) मागून घ्यावे, मोठ्या विमानतळांवर उतरावे, रेडिओची भीती तिथेच संपवावी. लेखी परीक्षेचा अभ्यास उड्डाणाबरोबर सुरू करावा आणि प्रशिक्षण अर्ध्यावर येण्याआधी परीक्षा देऊन टाकावी; एफएएची या विषयावरची पुस्तके संकेतस्थळावर मोफत मिळतात. आठवड्यातून दोन-तीन उड्डाणे जमत असतील तेव्हाच प्रशिक्षणाला हात घालावा. महिन्यातून दोनदा उडणाऱ्याचा प्रत्येक धडा मागचा धडा आठवण्यात जातो, आणि पैसा दुप्पट लागतो.

इन्स्ट्रक्टर निवडताना त्याला एक प्रश्न जरूर विचारावा : तुम्ही विद्यार्थ्याला खऱ्या ढगात नेता का? दृष्टी झाकणारा हूड घालून केलेला सराव आवश्यक आहे, पण हुडाच्या कडेने उजेडाची आणि सावल्यांची चाहूल लागत राहते आणि कानाला आधार मिळतो. खऱ्या ढगात तो आधार नसतो, आणि परवाना मिळाल्यावर हा अनुभव पहिल्यांदा एकट्याने घेणे धोक्याचे आहे.

पहिले दहा-पंधरा तास : विमान ताब्यात ठेवणे

या टप्प्यावर नेव्हिगेशनला हात लावू नये. विमान सरळ, समतल, चढते, उतरते आणि वळते ठेवणे बाहेर न पाहता जमले पाहिजे, आणि ते इतके अंगवळणी पडले पाहिजे की डोके दुसऱ्या कामासाठी मोकळे राहील.

आपल्या विमानासाठी एक टाचण तयार करावे. विशिष्ट पॉवर आणि नाकाची विशिष्ट स्थिती दिली की विमान ठरावीक वेग आणि ठरावीक चढ-उतार देते. चढण, प्रवास, प्रवासातली उतरण, अ‍ॅप्रोचच्या (उतरण्यासाठी धावपट्टीकडे येण्याच्या) वेगाने समतल उड्डाण, ग्लाइडस्लोपवरची (धावपट्टीकडे नेणाऱ्या ठरावीक उतारावरची) उतरण आणि त्याहून तीव्र उतरण, अशा सहा स्थितींचे आकडे एका निरभ्र दिवशी मोजून लिहून काढावेत. साध्या सेसना १७२ मध्ये साधारण २१०० आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) ९० नॉटने (ताशी ९० सागरी मैलांनी) समतल उडता येते, आणि पॉवर १७०० च्या आसपास आणली की त्याच वेगाने मिनिटाला सुमारे ५०० फूट उतरण मिळते. पण प्रत्येक विमानाचे आकडे थोडे निराळे असतात, त्यामुळे आपले आपण मोजावेत. हे टाचण पाठ झाले की वेगाच्या आणि उंचीच्या मागे धावण्याची गरज राहत नाही. आधी ठरलेली स्थिती द्यावी, मग बारीक सुधारणा करावी.

आता नजरेच्या फिरण्याविषयी, कारण बहुतेकांचा जास्तीत जास्त वेळ येथेच जातो. नजर कृत्रिम क्षितिजावरून निघावी, एका उपकरणाला भेट द्यावी, परत कृत्रिम क्षितिजावर यावी, आणि मग दुसऱ्याकडे जावी. शिकणारे तीन चुका करतात. एकाच उपकरणावर नजर खिळते, विशेषतः उंची बिघडल्यावर अल्टिमीटरवर (उंचीदर्शकावर). एखादे उपकरण फेरीतून गळते, बहुधा हेडिंग इंडिकेटर (विमानाचे नाक कोणत्या दिशेला आहे ते दाखवणारे). किंवा आवडत्या एका उपकरणावर सगळा भार टाकला जातो. यावर मला उपयोगी पडलेला उपाय असा की इन्स्ट्रक्टरने अधूनमधून कोणत्याही उपकरणावर हात ठेवावा आणि विद्यार्थ्याने त्याचा आकडा न पाहता सांगावा. सांगता आला नाही, तर ते उपकरण फेरीतून गळले आहे असे समजावे.

सुधारणा लहान ठेवावी. उंचीत १०० फुटांचा फरक पडला तर नाक कृत्रिम क्षितिजावरच्या पट्टीच्या अर्ध्या जाडीइतकेच हलवावे आणि थांबावे. चढ-उताराचा दर दाखवणारा व्हर्टिकल स्पीड इंडिकेटर सहा ते नऊ सेकंद मागे असतो; त्याच्या काट्यामागे धावणारा वैमानिक विमानाला झोके देत बसतो. वळण प्रमाणित, म्हणजे सेकंदाला ३ अंशांचे ठेवावे. ९० नॉटला त्यासाठी साधारण १४ अंशांचा कल लागतो आणि पूर्ण वर्तुळ २ मिनिटांत होते.

साक्षीदार फुटतो तेव्हा

जुन्या पद्धतीच्या पॅनेलवरची सहा उपकरणे तीन घराण्यांची असतात हे पक्के लक्षात ठेवावे. कृत्रिम क्षितिज आणि हेडिंग इंडिकेटर बहुधा इंजिनावरच्या व्हॅक्यूम पंपावर चालतात. वळणाचा दर दाखवणारा टर्न कोऑर्डिनेटर विजेवर चालतो. वेग, उंची आणि चढ-उतार दाखवणारी तिन्ही उपकरणे बाहेरच्या हवेच्या दाबावर चालतात. एकाच घराण्यातल्या दोघांचे एकमत हा पुरावा नव्हे. दोन वेगळ्या घराण्यांचे एकमत हा पुरावा आहे.

व्हॅक्यूम पंप निकामी झाला की कृत्रिम क्षितिज एकदम बंद पडत नाही. आतला जायरो (वेगाने फिरणारी चकती) हळूहळू मंदावतो आणि चित्र हळूहळू कलू लागते, आणि वैमानिक नकळत त्या कलत्या चित्राला सरळ ठेवण्यासाठी खरे विमान कलवत जातो. अशा वेळी कृत्रिम क्षितिज वळण दाखवते आणि टर्न कोऑर्डिनेटर दाखवत नाही, किंवा उलट. विसंगती दिसताच होकायंत्राला तिसरा साक्षीदार म्हणून बोलवावे, खोटे ठरलेले उपकरण झाकून टाकावे, आणि झाकण्यासाठी लागणाऱ्या रबरी चकत्या खिशात ठेवाव्यात. खोटे उपकरण उघडे ठेवून त्याच्याकडे दुर्लक्ष करणे प्रत्यक्षात जमत नाही. डोळा पुन्हा तिकडेच जातो.

वेग मोजण्यासाठी समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेणारी पिटो नळी बर्फाने बंद झाली आणि तिच्यातले पाणी निघण्याचे छिद्रही बंद झाले, तर वेगदर्शक अल्टिमीटरसारखा वागू लागतो : चढताना वेग वाढल्याचे दाखवतो, उतरताना कमी झाल्याचे. बाहेरच्या स्थिर हवेचा दाब घेणारे स्टॅटिक छिद्र बंद झाले तर अल्टिमीटर गोठतो आणि चढ-उतार शून्यावर थांबतो. तेव्हा पर्यायी स्टॅटिकचा नॉब ओढावा. तो आपल्या विमानात नेमका कोठे आहे हे बसल्या जागी डोळे मिटून हाताला सापडले पाहिजे.

होकायंत्रावर वळताना त्याच्या चुकांचा हिशेब करावा लागतो. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे वळताना ते मागे राहते आणि दक्षिणेकडे वळताना पुढे धावते, आणि चुकीचे माप ढोबळमानाने अक्षांशाइतके असते. कॅलिफोर्नियात ही चूक ठळकपणे जाणवते. मुंबईच्या १९ अंशांवर बरीच कमी. घड्याळ लावून वळणे त्याहून सोपे : ९० अंशांसाठी ३० सेकंद.

काचेचा पडदा असलेल्या आधुनिक विमानात जायरोची जागा इलेक्ट्रॉनिक संवेदकांनी घेतली आहे, आणि बिघाड झाला की पडद्यावर बहुधा लाल फुली येते. हे निश्चितच चांगले आहे. तरी राखीव उपकरणांवर सलग दहा मिनिटे उडण्याचा सराव दर महिन्याला करावा, कारण ती बारीक असतात, बाजूला असतात, आणि नजरेला तिकडे जायची सवय नसते.

मी कोठे आहे : नेव्हिगेशन

विमान ताब्यात आले की मार्ग शिकावा. सुरुवात व्हीओआरपासून, म्हणजे जमिनीवरच्या रेडिओ स्टेशनवरून दिशा सांगणाऱ्या साधनापासून, करावी असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे, जरी आज बहुतेक मार्ग जीपीएसवर उडवले जात असले तरी. कारण व्हीओआरची सुई शिकणाऱ्याला डोक्यात नकाशा काढायला भाग पाडते. स्टेशन लावल्यावर त्याचा मोर्स संकेत ऐकून ओळख पटवावी. सुई एका बाजूला पूर्ण गेली म्हणजे आपण मार्गापासून १० अंश किंवा अधिक दूर आहोत. स्टेशनपासून ६० सागरी मैलांवर १ अंश म्हणजे १ मैल, यावरून फरक मनातल्या मनात काढता येतो. उपकरण-उड्डाणासाठी व्हीओआर वापरायचा असेल तर मागील ३० दिवसांत त्याची तपासणी होऊन तिची नोंद झालेली असावी लागते : जमिनीवर ४ अंशांपर्यंतची आणि हवेत ६ अंशांपर्यंतची चूक चालते.

वाऱ्याशी झगडताना सुईमागे धावू नये. मार्गाचे हेडिंग घ्यावे, सुई कोठे सरकते ते पाहावे, २० अंशांनी वळून मार्गावर परतावे, मग १० अंशांची दुरुस्ती ठेवून पाहावी, आणि सुई जेथे स्थिर राहील ते हेडिंग लिहून ठेवावे. एकदा ते सापडले, की उडवायचे असते ते हेडिंग. सुई फक्त साक्षीला.

जीपीएसचा धोका निराळा आहे. तो चुकतो म्हणून नव्हे, तर त्याला आपण चुकीचे सांगतो म्हणून वैमानिक भरकटतो. प्रत्येक बिंदू भरल्यावर त्याचे अंतर आणि दिशा नकाशाशी ताडून पाहावी. एखादा बिंदू अचानक ९०० मैलांवर दिसला तर नाव भरताना एक अक्षर चुकले आहे. अ‍ॅप्रोच सुरू होण्यापूर्वी पडद्यावर कोणता प्रकार दिसतो हे मोठ्याने वाचावे. एलपीव्ही दिसत असेल तर उभी मार्गरेषाही मिळेल आणि काही विमानतळांवर २०० फुटांपर्यंत उतरता येईल. एलएनएव्ही (फक्त आडवा मार्ग देणारा प्रकार) दिसत असेल तर किमान उंची वेगळी आणि बरीच वरची असते. अमेरिकेत हे डब्ल्यूएएएस या उपग्रही प्रणालीमुळे शक्य होते. भारताची गगन ही त्याच जातीची प्रणाली आहे, आणि तिच्या आधारे इंडिगोच्या एटीआर विमानाने एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगढला एलपीव्ही पद्धतीने उतरून दाखवले.

नियंत्रकाशी बोलणे आणि होल्डिंग

उड्डाणापूर्वी मिळणाऱ्या परवानगीत पाच गोष्टी नेहमी याच क्रमाने येतात : कोठपर्यंत, कोणत्या मार्गाने, किती उंचीवर, निघाल्यावर कोणत्या फ्रिक्वेन्सीवर, आणि कोणता ट्रान्सपाँडर कोड (रडारवर विमानाची ओळख पटवणारा आकडा). कागदावर या पाच जागा आधीच आखून ठेवाव्यात आणि स्वतःची लघुलिपी बनवावी. अमेरिकन नियंत्रक भरभर बोलतात. न समजलेला भाग अंदाजाने परत वाचून दाखवण्याचा मोह आपल्या लोकांना विशेष होतो, कारण पुन्हा विचारणे कमीपणाचे वाटते. तो मोह सोडावा. पुन्हा विचारल्याबद्दल कोणाचा परवाना जात नाही, आणि चुकीच्या उंचीवर डोंगर असतो.

रेडिओच बंद पडला तर कोड ७६०० लावावा. ढगाबाहेर असू तर दृश्य परिस्थितीतच राहून उतरावे. ढगात असू तर नेमून दिलेला मार्ग, तो नसेल तर रडारने वळवले होते त्या बिंदूपर्यंतचा मार्ग, तो नसेल तर अपेक्षित म्हणून सांगितलेला, आणि तोही नसेल तर आपण दाखल केलेला मार्ग घ्यावा. उंची मात्र तिन्हींतली सर्वांत जास्त घ्यावी : मार्गाची किमान, सांगितलेली, किंवा अपेक्षित.

होल्डिंग म्हणजे आकाशात ठरलेल्या बिंदूपाशी शर्यतीच्या मैदानासारख्या लांबट फेऱ्या घालत थांबणे. वळणे नेहमी उजवीकडे, वेगळे सांगितले नसेल तर. १४,००० फुटांपर्यंत आत येणारी बाजू १ मिनिटाची. प्रवेशाच्या तीन पद्धतींवर विद्यार्थी आठवडे घालवतात, पण संरक्षित (फेऱ्यांसाठी अडथळेमुक्त राखलेल्या) बाजूला राहिले तर प्रवेशाची पद्धत हा प्राणाचा प्रश्न नाही. खरा प्रश्न वाऱ्याचा आहे. आत येताना वाऱ्यासाठी जितके अंश लागले त्याच्या तिप्पट बाहेर जाताना द्यावेत, कारण दोन्ही वळणांत कोणतीच दुरुस्ती करता येत नाही आणि ती भरपाई त्या एका बाजूतच करावी लागते.

अ‍ॅप्रोच, आणि उतरण्याचा किंवा न उतरण्याचा निर्णय

सगळे शिक्षण या काही मिनिटांत एकत्र येते. अ‍ॅप्रोचचा तक्ता आधी घरी, मग विमानात, बिंदूपासून किमान दहा मैल आधी वाचावा आणि मोठ्याने वाचावा : कोणत्या धावपट्टीचा अ‍ॅप्रोच, कोणती फ्रिक्वेन्सी, अंतिम मार्गाचे अंश, प्रत्येक बिंदूवरची उंची, निर्णयाची उंची, आणि मिस्ड अ‍ॅप्रोचची (न उतरता पुन्हा वर चढण्याच्या पद्धतीची) पहिली दोन पावले. ही पहिली दोन पावले तक्ता न पाहता सांगता आली नाहीत, तर अ‍ॅप्रोच सुरू करू नये.

प्रत्येक बिंदूवर पाच कामे याच क्रमाने करावीत : वळा, घड्याळ लावा, नवा मार्ग फिरवून घ्या, पॉवर बदला, आणि सर्वांत शेवटी बोला. बोलणे शेवटी, कारण नियंत्रक विमान उडवत नाही.

आयएलएसवर, म्हणजे धावपट्टीकडे येण्याचा आडवा मार्ग आणि उतार दोन्ही रेडिओने दाखवणाऱ्या यंत्रणेवर, लोकलायझरची (आडव्या मार्गाची) सुई व्हीओआरच्या सुमारे चौपट संवेदनशील असते, आणि जसजसे जवळ यावे तसतशी तिची हालचाल वाढत जाते. म्हणून जवळ आल्यावर दुरुस्त्या ५ अंशांहून मोठ्या करू नयेत, आणि शेवटी २ अंशांवर याव्यात. ग्लाइडस्लोप सहसा ३ अंशांचा असतो. जमिनीवरच्या वेगाला ५ ने गुणले की उतरण्याचा दर मिळतो. ९० नॉटला मिनिटाला साधारण ४५० फूट. समोरून वारा असून जीपीएसवर ७५ नॉट दिसत असतील तर ३७५ पुरतात. हा आकडा आधीच काढून ठेवणारा वैमानिक सुई हलण्याची वाट पाहत नाही.

निर्णयाची उंची जमिनीपासून २०० फुटांवर असेल, तर त्या क्षणी जमीन अर्ध्या मिनिटाहून कमी अंतरावर असते. तिथे विचार करायला वेळ नसतो. विचार आधी झालेला असावा लागतो. नियम असे सांगतो की त्या खाली जायचे तर विमान सामान्य रीतीने उतरण्याच्या स्थितीत असले पाहिजे, तक्त्यातली दृश्यमानता प्रत्यक्षात असली पाहिजे, आणि धावपट्टी, तिचे दिवे किंवा नियमात नमूद केलेली तिची एखादी खूण स्पष्ट दिसली पाहिजे. केवळ अ‍ॅप्रोचचे दिवे दिसले तर धावपट्टीच्या १०० फूट वरपर्यंतच जाता येते. त्याखाली जाण्यासाठी त्या दिव्यांतल्या ठरावीक लाल पट्ट्या किंवा धावपट्टीची खूण दिसावी लागते. ‘काहीतरी दिसल्यासारखे वाटले’ हे त्या यादीत नाही.

म्हणून प्रत्येक सरावाच्या अ‍ॅप्रोचला मिस्ड अ‍ॅप्रोच गृहीत धरूनच निघावे. निर्णयाच्या उंचीवर हात थ्रॉटलवर असावा आणि नजर एकदाच वर जावी. दिसले नाही, तर पूर्ण पॉवर, नाक वर, चढ सुरू झाल्याची अल्टिमीटरवरून खात्री, मग फ्लॅप, मग नेव्हिगेशन, मग रेडिओ. पूर्ण पॉवर देताच विमान वेग घेते आणि कान नाक फारच वर गेल्याचा खोटा निरोप देतो. नाक खाली ढकलण्याची तीव्र इच्छा होते. ढगात, जमिनीपासून दोनशे फुटांवर, ही इच्छा मानणे सर्वांत घातक आहे. कृत्रिम क्षितिज, अल्टिमीटर आणि व्हर्टिकल स्पीड इंडिकेटर, तिघांची साक्ष घ्यावी आणि कानाला बोलू द्यावे.

लांब उड्डाण, हवामान आणि परीक्षा

अटींपैकी एक उड्डाण इन्स्ट्रक्टरबरोबर, उपकरण-उड्डाणाच्या नियमांखाली, २५० सागरी मैलांचे, प्रत्येक विमानतळावर अ‍ॅप्रोच आणि तीन वेगवेगळ्या प्रकारचे अ‍ॅप्रोच करत व्हावे लागते. ते एका सरळ निरभ्र दिवशी उरकून टाकू नये. उपसागराच्या काठच्या विद्यार्थ्याला त्यासाठी किनाऱ्यावरचा ढग, सेंट्रल व्हॅलीतली उष्ण हवा आणि स्टॉकटनसारखे आयएलएस असलेले विमानतळ एकाच दिवसात मिळतात, आणि मार्गात बदल, रडारने वळवणे, गर्दीच्या फ्रिक्वेन्सी हे सगळे अनुभवाला येते.

नियोजनात दोन नियम न विसरता वापरावेत. पोहोचण्याच्या वेळेच्या १ तास आधीपासून १ तास नंतरपर्यंत ढगांची उंची २००० फूट आणि दृश्यमानता ३ मैल यांहून कमी असण्याचा अंदाज असेल, तर पर्यायी विमानतळ नेमावा लागतो. आणि इंधन मुक्कामापर्यंत, तिथून पर्यायी विमानतळापर्यंत, आणि पुढे ४५ मिनिटे पुरेल इतके हवे. मी स्वतः ४५ ऐवजी ९० धरतो.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे बर्फ. कॅलिफोर्नियाच्या उन्हाळ्यातला किनारी ढगाचे तापमान शून्य अंशांच्या बरेच वर असते, म्हणून तो शिकणाऱ्यासाठी देणगी आहे. हिवाळ्यात सिएरा नेवाडाच्या बाजूचा ढग तसा नसतो; लहान विमानाच्या पंखावर दहा मिनिटांत बर्फ चढू शकतो, आणि उंच डोंगरांमुळे खाली उबदार हवेत उतरण्याची जागा राहत नाही. बर्फविरोधी यंत्रणा नसलेल्या विमानाने तिथे जाऊ नये. वादळी ढगांपासून २० मैल दूर राहावे.

परीक्षेपूर्वीच्या दोन महिन्यांत इन्स्ट्रक्टरबरोबर किमान ३ तास व्हावे लागतात. परीक्षेत उंची १०० फूट, हेडिंग १० अंश आणि वेग १० नॉटच्या आत ठेवावा लागतो, आणि आयएलएसची सुई पाऊण टप्प्याच्या आत; किमान उंचीच्या खाली मात्र एक फूटही चालत नाही. सरावात या मर्यादा अर्ध्या करून पाळल्या, तर परीक्षेच्या दिवशी धडधडत्या हातांनाही जागा उरते.

रेटिंग मिळाल्यावर ते टिकवण्यासाठी सहा महिन्यांत सहा अ‍ॅप्रोच, होल्डिंग आणि मार्ग पकडून त्यावर राहण्याचा सराव नोंदवावा लागतो. हा कायद्याचा तळ आहे. सुरुवातीला स्वतःच्या मर्यादा फार वर ठेवाव्यात : ढगांचा तळ १००० फुटांवर, दृश्यमानता ३ मैल, आणि वीस-तीस मैलांवर निरभ्र असलेला विमानतळ. पहिल्या एकट्या उड्डाणासाठी अशी उन्हाळ्यातली सकाळ निवडावी जेव्हा किनाऱ्यावर थर आहे आणि पूर्वेकडच्या लिव्हरमोरपलीकडे ऊन आहे. वर चढताना ढगातून बाहेर पडलो की अल्टिमीटर वाचावा आणि थराचा माथा किती फुटांवर होता ते नियंत्रकाला कळवावे. खाली धावपट्टीवर वाट पाहणाऱ्या पुढच्या वैमानिकाला तो आकडा हवा असतो.